इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय? फी भरण्याआधी एवढं तपासा

"इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, तीन दिवसांत शोधनिबंध छापून मिळेल, लगेच फी भरा." पीएचडी करणाऱ्या मुला-मुलींना असे मेसेज येतात आणि घरचे लोक काटकसर करून पैसे देतात. म्हणून हा आकडा काय आहे, ते पालकांनीही समजून घ्यायला हवं.

समजा, भूगोलाच्या एका विद्यार्थिनीने हिंगोलीची शहरवाढ आणि कयाधू नदीकाठच्या वस्त्या यावर निबंध लिहिला. पुढे दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या लेखात त्याचा संदर्भ दिला, तर ते एक 'सायटेशन' झालं. एखाद्या नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून १०० लेख छापले आणि २०२४ मध्ये त्यांचे २५० संदर्भ दिले गेले, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.५. ही कल्पना अमेरिकेच्या युजीन गारफील्ड यांची. आज हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. इतर कुणी छापलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर' तो नव्हेच.

खरा आकडाही सगळं सांगत नाही. तो फक्त मागच्या दोन वर्षांचे लेख मोजतो. नगररचनेचं काम सावकाश चालतं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. त्यावरच्या लेखाचा उपयोग दोन वर्षांत कसा कळणार? शिवाय मोठ्या शहरांवर लिहिणारे जास्त, म्हणून त्यांचे संदर्भही जास्त. हिंगोलीवरचा लेख कमी लोकांनी उल्लेखला, तरी इथल्या नगरपरिषदेला तोच जास्त उपयोगी पडू शकतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. एखादी हदीस लोकांच्या तोंडी खूप आहे, एवढ्यावरून ती सहीह ठरत नाही. मुहद्दिसीन सनद बघतात, एकेक रावी तपासतात. इथेही तसंच करायचं: संपादक कोण, ते कुठे शिकवतात, लेख जाणकारांकडून तपासला जातो का? तीन दिवसांत छापणारा तपासणार कधी?

यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख करणं विद्यापीठांवर आणि आपल्यावर आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, ते मार्गदर्शकांना आधी विचारा.

इल्म मेहनतीने मिळतं. निबंध परत आला तर सुधारून पुन्हा पाठवा, पण घाईघाईत फी भरू नका.