पायथन सोर्स कोडपासून बांधताना

पायथन शिकणारी मुलं इंटरप्रिटर तयार स्वरूपात उतरवून घेतात आणि थेट कोड लिहायला बसतात. सुरुवातीला तेच योग्य. पण लिनक्सवर थोडा हात बसला की प्रत्येकानं एकदा तरी पायथन सोर्स कोडपासून बांधून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. आपण ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती भाषा चालवणाराही एक प्रोग्रॅमच असतो, हे त्या खटपटीत जसं उमगतं तसं पुस्तक वाचून उमगत नाही.

हा प्रोग्रॅम मुख्यतः सी भाषेत आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरमध्ये, ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना, तो लिहायला घेतला आणि १९९१च्या फेब्रुवारीत त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. आजही नव्या आवृत्तीचा सोर्स कोड पायथनच्या संकेतस्थळावर मिळतो. तो उतरवायचा, फाइल उलगडायची आणि मग 'कॉन्फिगर', 'मेक', इन्स्टॉल.

यातलं कॉन्फिगर घाईनं उरकू नये. ही स्क्रिप्ट तुमच्या यंत्राची कसून चौकशी करते: कंपाइलर कोणता, पूर्णांक किती बाइटचा, अमुक लायब्ररी आहे का. मिळालेल्या उत्तरांवरून ती मेकफाइल तयार करते. घोटाळ्याचं मूळही इथंच असतं. उबुंटूवर ओपनएसएसएल लायब्ररी असते, पण तिच्या हेडर फाइली 'डेव्ह' असं शेपूट लावलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. त्या नसल्या तरी मेक थांबत नाही. पायथन तयार होतो, बेरीज-वजाबाकीही चोख करतो; मात्र पिपनं एखादं पॅकेज मागवलं की एसएसएल मॉड्यूलच नसल्याचं कळतं. एसक्यूलाइट, लिबएफएफआय यांचीही हीच गत. कोणती मॉड्यूलं बांधता आली नाहीत याची यादी मेक शेवटाकडे छापतं. शेकडो ओळींच्या पुरात ती निसटते, म्हणून मुद्दाम शोधून वाचावी, राहिलेली पॅकेजं बसवावीत आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करावी.

कॉन्फिगरला 'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' हा पर्याय दिला, तर मेकला बराच जास्त वेळ लागतो. तो सत्कारणी लागतो. आधी नोंदी ठेवणारा एक पायथन बांधला जातो, त्याच्यावर चाचण्या चालवल्या जातात, कोडच्या कोणत्या वाटा सतत वापरात येतात हे टिपलं जातं, आणि त्या नोंदी हाताशी घेऊन कंपाइलर सगळं नव्यानं बांधतो.

इन्स्टॉल करताना एक पथ्य पाळावंच. उबुंटूची स्वतःची कित्येक साधनं यंत्रणेसोबत आलेल्या पायथनवर चालतात. नुसतं 'मेक इन्स्टॉल' केलं की 'पायथन३' या नावाला आपला नवा इंटरप्रिटर उत्तर देऊ लागतो आणि जुन्यासाठी बसवलेली मॉड्यूलं त्याला सापडत नाहीत. 'मेक ऑल्टइन्स्टॉल' ते नाव सोडून देतं. आपला पायथन आवृत्तीच्या क्रमांकानिशी हाक मारल्यावरच येतो. त्याहून सोयीचं म्हणजे 'प्रीफिक्स' देऊन तो स्वतःच्या होम फोल्डरमधल्या वेगळ्या डिरेक्टरीत बसवावा. ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. पायथनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉलची सोय नाही, पण अशा वेळी ती डिरेक्टरी पुसली की काम झालं.

इतकं झाल्यावर 'ऑब्जेक्ट्स' फोल्डरमधली 'लिस्टऑब्जेक्ट' ही सी फाइल जरूर उघडा. लिस्टमध्ये अपेंड इतकं झटपट कसं होतं, ते तिथं लिहिलेलं आहे. लिस्ट एकेका घटकासाठी जागा मागत नाही, पुढच्यांचीही सोय करून ठेवते. वाढीचा क्रम कॉमेंटमध्येच दिला आहे: ०, ४, ८, १६, २४, ३२, ४०, ५२, ६४, ७६. त्याखालच्या सूत्रात थोडा बदल करून पुन्हा मेक चालवा. नेहमीच्या साध्या बांधणीत फक्त बदललेली फाइल नव्यानं कंपाइल होते आणि तुमच्या पायथनमधली लिस्ट तुम्ही ठरवलेल्या मापानं वाढू लागते.