लहान मुले, आपले घर आणि चार संगहवत्थू

दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील विहारात लहान मुलांचा वर्ग भरतो. चार ते दहा वर्षे वयाची पंचवीस-तीस मुले येतात. त्रिसरण-पंचशील त्यांना तोंडपाठ आहे. ‘पाणातिपाता वेरमणी’ पासून शेवटच्या शीलापर्यंत ती एका दमात जातात आणि त्यांचे उच्चार आम्हा मोठ्यांपेक्षा बरे असतात. एका रविवारी वर्ग सुटल्यावर दहाच मिनिटांनी आम्ही विहारामागे गेलो, तर त्यांतलीच तिघे-चौघे नालीत अडकलेल्या कुत्र्याच्या पिलाला खडे मारीत होती. पहिले शील सर्वांत खणखणीत म्हणणारा मुलगा पुढे होता. आम्ही रागावलो. पण त्याचा चेहरा पाहून लक्षात आले की, आपण काही वावगे केले असे त्याला खरोखरच वाटत नव्हते. शील ही विहारात बसून म्हणायची गोष्ट आहे एवढेच तो आमच्याकडून शिकला होता.

उदान ग्रंथात असाच एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे धरून त्यांना छळत होती. तथागत तेथून जात होते. त्यांनी मुलांना दटावले नाही, की नरकाची भीती घातली नाही. तुम्हांला दुःखाची भीती वाटते का, दुःख तुम्हांला नकोसे वाटते का, एवढेच विचारले. मुले हो म्हणाली. मग जे तुम्हांला नको ते उघड किंवा लपून दुसऱ्यालाही करू नका, असे त्यांनी समजावले. आम्हीही त्या मुलाला विचारले, “तू नालीत अडकलास आणि वरून खडे आले तर?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग पिलू बाहेर काढायला तोच खाली वाकला आणि कपडे भरवून घरी गेला. घरी त्याला त्यापायी मार बसला, ही गोष्ट आम्हांला दुसऱ्या दिवशी कळली.

त्या माराने आम्ही विचारात पडलो. आठवड्यातला एक तास मूल विहारात असते, बाकी सारा वेळ घरात. म्हणून मुलांचा धम्म घरात कसा चालतो, याविषयी या स्मरणिकेत थोडे लिहावे असे आम्ही ठरविले. आमच्यातील बहुतेकांची मुले लहान आहेत, त्यामुळे हे उपदेश म्हणून नव्हे तर चुकत-माकत शिकणाऱ्या आई-बापांचे टिपण म्हणून वाचावे.

गृहस्थाने कसे वागावे हे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आले आहे. या सुत्ताला गृहस्थांचा विनय म्हणतात. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धांनी त्याला सांगितले की पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसे आणि वरची म्हणजे श्रमण. नमस्कार करायचा तो या माणसांशी नीट वागून. याच सुत्ताच्या अखेरीस चार संगहवत्थू येतात, म्हणजे माणसांना एकत्र धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी: दान, प्रिय वाणी, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, आणि समानत्तता म्हणजे बरोबरीने वागणे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ मारतात, तसे हे चार गुण जगाचे चाक धरून ठेवतात. हे नसतील तर आई-बापालाही मुलाकडून मान मिळणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आई-बाप आहेत म्हणून मान मिळेलच, अशी हमी बुद्धांनी दिलेली नाही.

दानाविषयी फार लिहीत नाही, कारण आपल्या खान्देशात खाऊ घालण्याची हौस उदंड आहे. पाहुणा आला की भरीत-भाकरी झालीच पाहिजे, आणि केळी तर घडाने येतात. पण एक खोड आपल्याला आहे. पाहुण्यांच्या मुलाने खेळणे मागितले की आपण आपल्या मुलाच्या हातून ते हिसकून घेतो आणि ‘द्यायला शिक’ म्हणतो. हिसकून घेतले ते दान कसे होईल? आमच्यातील एका मातेने दुसरा उपाय काढला. मुलीला दोन केळी देते आणि एक कोणाला द्यायचे ते तिलाच ठरवू देते. पहिले काही दिवस मुलीने दोन्ही स्वतःच खाल्ली. आईने काही म्हटले नाही. नंतर एक दिवस दुसरे केळे शेजारच्या आजीकडे गेले.

प्रिय वाणीच्या बाबतीत मात्र आम्हां खान्देशी माणसांची मोठी अडचण आहे. आमची बोली रोखठोक. ‘मुडद्या’, ‘मेल्या’ हे शब्द आमच्याकडे रागाने निघतात तसे मायेनेही निघतात, आणि ते सोडावेत असे आमचे म्हणणे नाही. आजीच्या तोंडून ते गोड लागतात. पण ‘तुझ्याने काही होणार नाही’, ‘तू ढच राहणार’ ही वाक्ये वेगळी. ती शिवी नसूनही शिवीहून खोल जातात. आमच्यातील एकाने आपल्या पाच वर्षांच्या मुलीला बाहुलीशी बोलताना ऐकले. ती बाहुलीला अक्षरशः त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात रागावत होती. ‘किती वेळा सांगितलं? डोकं आहे का खोकं?’ त्या दिवसापासून ते गृहस्थ घरात पुष्कळच सांभाळून बोलतात, असे त्यांच्या सौभाग्यवती सांगतात.

वाणीवरून राहुलची आठवण होते. बुद्धांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे. त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता, असे अट्ठकथेत म्हटले आहे. बुद्धांनी पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची लाज ज्याला नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच, असे ते म्हणाले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, उलथून रिकामे दाखविले. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असे सांगितले. पुढे आरशाचा दाखला दिला: आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे की यात आपला किंवा दुसऱ्याचा घात होतो काय. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात ज्या मोजक्या धम्मग्रंथांचे श्रवण करावे असे सांगितले, त्यांत राहुलला केलेला हा खोटेपणाविषयीचा उपदेश आहे. सात वर्षांच्या मुलासमोर बापाने पाण्याचे भांडे धरून जे सांगितले, ते एका सम्राटाला भिक्खूंनीही ऐकावे असे वाटले.

आणि आपण काय करतो? महिनाअखेर असते, दाराशी पिग्मीचा एजंट येतो, आपण आतून मुलाला म्हणतो, “सांग, पप्पा घरी नाहीत.” मूल बाहेर जाऊन सांगते, “पप्पा म्हणतात, पप्पा घरी नाहीत.” हा विनोद घरोघर सांगितला जातो आणि सगळे हसतात. मूलही हसते. आता फोन आल्यावरही तेच चालते. एजंटला ‘या महिन्यात जमत नाही’ असे मुलासमोर सांगायला थोडी लाज वाटते, हे आम्हीही जाणतो. पण ती लाज परवडते.

अजिंठा जळगावहून साठ-एक किलोमीटरवर. मुलांना घेऊन सहल नेली तर सतरा क्रमांकाच्या लेण्यात थोडे जास्त थांबावे. तेथे यशोधरा राहुलला पुढे करून बुद्धांसमोर उभी असलेले चित्र आहे. याच लेण्यात आंधळ्या आईला सांभाळणाऱ्या हत्तीची जातककथाही चितारली आहे. राजाने या हत्तीला धरून नेले, उत्तम चारा पुढे ठेवला, पण आई उपाशी आहे म्हणून तो खाईना. शेवटी राजाने त्याला सोडले. आमच्या मुलांना लेण्यांची शतके आणि राजघराणी काही आठवत नाहीत, हत्ती मात्र सर्वांना आठवतो. एका मुलाने परतताना बसमध्ये विचारले, “मग त्याने आईला पाणी कसं पाजलं?” तेव्हा शेजारच्याने सोंड करून दाखविली.

उपयोगी पडणे, म्हणजे अत्थचरिया, मुलांना आपोआप आवडते. आपणच ती मोडतो. तीन वर्षांचे मूल केरसुणी ओढू लागते, पीठ मळायला बसते. आपल्याला घाई असते, ते सांडते, आपण हाकलतो. तेच मूल बारा वर्षांचे झाल्यावर जागचे हलत नाही, मग आपण मोबाइलला दोष देतो. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जनसमुदाय लोटतो. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेल्या बाबासाहेबांचा तेथे मुक्काम झाला होता. पावसाचे दिवस, चिखल, कडेवर मुले. तेथे जाताना आम्ही प्रत्येक मुलाकडे एक छोटे काम देतो. एकाकडे पाण्याची बाटली, एकाकडे आजीची काठी, एकाकडे भाकरीचा डबा. डबा ज्याच्याकडे असतो तो अनोळखी लोकांनाही वाटत सुटतो आणि शेवटी आम्हांला उपाशी राहावे लागते, हाही अनुभव आहे.

आता चौथी गोष्ट, समानत्तता. बाकी तिन्ही गोष्टी दयाळू माणूसही करतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, म्हणून ते आपल्या जिल्ह्याला जवळचे. त्यांच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. महार समाजातील एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई श्यामला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर असे सांगते. त्या काळाच्या मानाने हे मोठेच धाडस होते, आणि पुढे १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले हे आपण कृतज्ञतेने स्मरतो. तरीही आपल्या घरात हा प्रसंग वाचताना त्या आंघोळीशी जीभ अडखळते. मोळी उचलून दिली ही दया झाली. ती म्हातारी त्या घरी बसून पाणी पिऊ शकली असती काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा, असे सांगितले आहे ते आम्हांला या ठिकाणी नीट समजते.

चाळीसगावची १९२९ सालची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशात आले होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून दोन फर्लांग. टांगेवाले न्यायला तयार होईनात आणि बाबासाहेबांनी पायी यावे हे लोकांना पटेना. अखेर टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला पण हाकायला नकार दिला, म्हणून आपल्यातीलच एकाने, सवय नसताना, तो हाकला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकून टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. टांगेवाल्याने भाडे घेतले, टांगाही दिला. नाकारली ती फक्त बरोबरी. ही हकीकत आम्ही मुलांना सांगतो. मोठी मुले चिडतात, लहान मुले विचारतात, घोड्याला लागले का?

हे सारे सांगणाऱ्या आमच्याच घरात काय निघाले तेही लिहिले पाहिजे. जळगावचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळीसला टेकतो. घंटागाडीबरोबर येणारी ताई दुपारी दाराशी पाणी मागते. आम्ही नेहमी देत आलो, थंड माठातले. एके दिवशी आमच्या चार वर्षांच्या मुलाने विचारले, “ताईचा ग्लास खिडकीत का? आपले तर मांडणीत.” खरेच, एक जुना पोचा पडलेला ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला होता. तो कोणी, केव्हा ठेवला, सांगता येईना. कोणी तसे ठरविलेही नव्हते. आमच्या आजीला गावी वरून ओंजळीत पाणी ओतत असत, हे ती आम्हांला अनेकदा सांगते. त्या दिवशी ती ओट्यावरच बसली होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता मान फिरवली. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, महाडच्या सत्याग्रहाचे चित्रही आहे.

तो ग्लास आम्ही टाकून दिला नाही. मांडणीत इतरांबरोबर ठेवला, आता तो कोणाच्याही हाती येतो. बहुधा आमच्या मुलाच्याच, कारण त्याला तो पोचा आवडतो. दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा आजीने हाक मारली, “ये माय, बठ. सावलीमां बठ.” ती आधी दारातच उभी राहिली, मग ओट्याच्या कडेला टेकली. तिला बसायला अवघड वाटत होते आणि आम्हांलाही काय बोलावे ते सुचत नव्हते. मुलगा दोन्ही हातांनी ग्लास घेऊन आला, निम्मे पाणी फरशीवर सांडत. पाणी पिऊन झाल्यावर ती सवयीने ग्लास विसळायला नळाकडे निघाली. मुलाने तो तिच्या हातून ओढून घेतला आणि म्हणाला, “मी धुतो. आजचा माझा नंबर आहे.”