सासूबाईंची पोथी आणि कंपनीची वॉरंटी

मैत्रिणींनो, घरात नवा मिक्सर आला की त्याचे खोके माळ्यावर जाते आणि वॉरंटीचा कागद कुठे जातो ते देवालाच ठाऊक! मीही त्यातलीच एक होते. पण गेल्या वर्षी एका लहानशा यंत्राने मला चांगलाच धडा दिला. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

ते यंत्र म्हणजे ई-रीडर. पुस्तके वाचण्याची पाटीच म्हणा ना! लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी आणली तेव्हा मी नाकच मुरडले होते. म्हटले, "मोबाइलवर वाचता येतंच की! त्यापेक्षा कुकर आणला असता तर!"

मोबाइल नव्हे, कागदच

पण चार दिवसांत माझे मत बदलले. मोबाइलचा पडदा आपल्या डोळ्यांत उजेड सोडतो. ह्या यंत्राचा पडदा तसा नसतो. त्यात अगदी बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे कण. विजेच्या इशाऱ्याने काळे कण वर आले की तिथे अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून एकदा चार्ज केले की ते कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही चालते. भर उन्हात गच्चीवर बसूनही स्वच्छ दिसते. अशा पडद्याचे यंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये आणले, २००७ साली अमेरिकेत किंडल निघाले आणि मग हा प्रकार जगभर पसरला.

आता घरातले उपयोग सांगते. रात्री ह्यांना दिव्याचा त्रास न देता वाचता येते, कारण पडद्याच्या कडेचा मंद उजेड पानापुरताच पडतो. ओट्याशी पाककृती उघडून ठेवली तर ती मोबाइलसारखी दर मिनिटाला विझत नाही. (रंगीत फोटो मात्र बहुतेक यंत्रांत काळे-पांढरेच दिसतात.) मी सकाळच्या शाळेत शिकवते. इंग्रजी शब्दावर बोट दाबले की अर्थ समोर, त्यामुळे धड्याची तयारी बसमध्येच होते. आणि शेकडो पुस्तकांचे वजन पाव किलोच्या आत!

पण खरा उपयोग झाला तो सासूबाईंना. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना बारीक अक्षर लागत नव्हते. पोथी मिटून ठेवलेली, भिंग हातात धरून हात दुखायचा. ह्या यंत्रात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मी त्यांना हरिपाठ आणि ज्ञानेश्वरी भरून दिली. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर मला दिसतंय!" त्या दिवसापासून यंत्र नावाला माझे, पण मुक्काम त्यांच्या उशाशी.

एक सांगून ठेवते. जुन्या पुस्तकांची पाने नुसती फोटो काढून ठेवलेली असतील, तर अक्षर मोठे होत नाही, अख्खे पान मोठे करून सरकवत बसावे लागते. 'ईपब' प्रकारची पुस्तके घ्यावीत. लेखक जाऊन साठ वर्षे उलटली की आपल्याकडे पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे साने गुरुजींसारख्यांचे साहित्य आता मोकळे आहे. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी पुस्तके मोफतही देतात.

तांब्याची गोष्ट

दहा महिने झाले आणि एका सकाळी यंत्र चार्जच होईना. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून मी निर्धास्त होते. कंपनीने सांगितले त्या पत्त्यावर कुरियरने पाठवले. अठरा दिवसांनी ईमेल आला: यंत्रात पाणी शिरल्याच्या खुणा आहेत, सबब वॉरंटी लागू नाही. हवे असल्यास नव्या यंत्रावर सूट देऊ.

पाणी! माझी नजर सरळ सासूबाईंच्या उशाशी गेली. तिथे रात्री पाण्याचा तांब्या-भांडे असते. मी त्यांना एका शब्दाने काही बोलले नाही. पण त्या रात्री तांब्या उशाशी न ठेवता लांब स्टुलावर ठेवला. न बोलताच बोलले ना मी!

त्या काय समजायच्या ते समजल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्याच हातून सांडलं असेल गं. म्हातारीपायी तुझे पैसे पाण्यात गेले." आणि पोथीचे नावच सोडले. मी मोबाइल पुढे केला, तर म्हणाल्या, "नको बाई, तेही बिघडायचं." संध्याकाळी हात जोडून नुसत्या बसून राहायच्या.

पंधरा दिवस असेच गेले. शाळेतल्या एका बाईंना हे सांगत होते, तर त्यांनी विचारले, "पण पाणी शिरलं ह्याचा कागद काय दिलाय त्यांनी?" मी गप्प! कंपनी म्हणाली आणि मी मानले. घरातल्या माणसाला विचारलेसुद्धा नाही.

मग मी ईमेल लिहिला: तपासणीचा लेखी अहवाल आणि यंत्राचे आतले फोटो पाठवा. चार दिवसांनी अहवाल आला. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक होता. आमच्या यंत्राचे खोके मी लोकरीचे गुंडे ठेवायला घेतले होते, म्हणून ते वाचले होते. त्यावरचा क्रमांक पाहिला तर शेवटचे चार आकडे वेगळेच! पाणी शिरलेले यंत्र दुसऱ्याच कोणाचे होते.

खोक्याचा आणि पावतीचा फोटो जोडून कळवले. नऊ दिवस उत्तर नाही. तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. सहाव्या दिवशी कंपनीचाच फोन आला, दिलगिरी व्यक्त झाली आणि आठवड्याभरात बदली यंत्र घरी आले. विकत घेतलेली पुस्तके खात्यात नोंदलेली असल्याने ती पुन्हा उतरली.

तुम्ही काय कराल?

१. पावती ईमेलवर येत असली तरी तिची छापील प्रत वॉरंटीच्या कागदासह एका फायलीत लावा. वस्तू कोणाच्या नावाने घेतली तेही लिहा. आमची पावती ह्यांच्या ईमेलवर होती, ती शोधण्यातच एक दिवस गेला.

२. अनुक्रमांक वहीत उतरवा. खोके निदान वॉरंटी संपेपर्यंत ठेवा.

३. दुरुस्तीला देण्यापूर्वी वस्तूचे सर्व बाजूंनी फोटो काढा आणि पोच घ्या.

४. फोनवर बोलणे झाले तरी तेच ईमेलने कळवा. तारीख आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवा.

५. "तुमच्या चुकीने बिघडले" असे म्हटले, तर लेखी अहवाल मागा.

६. बदली वस्तूची वॉरंटी किती, हेही लेखी विचारा. बरेचदा जुनीच उरलेली मुदत चालू राहते.

आपली चूकही तपासावी हं! ह्या पडद्याच्या आत बहुधा पातळ काच असते. पिशवीत डब्याखाली दाबला गेला तर वरून ओरखडाही दिसत नाही, पण आत काच तडकते आणि पडद्यावर रेघा गोठतात. अशी मोडतोड साध्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून जाड कव्हर घालावे, आणि ओले झाले तर वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

हेल्पलाइनने काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी.

आणि हे काम पुरुषांचे, असे म्हणू नका. १९६६ साली मुंबईत ग्राहकांसाठी संस्था काढली ती नऊ स्त्रियांनीच. १९७५ पासून चाललेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे वाटपाचे कामही गृहिणींनीच पेलले. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण, कंपनीचा ईमेल आला की का बरे गप्प बसतो?

नवे यंत्र आले त्या संध्याकाळी मी सासूबाईंना अहवाल वाचून दाखवला. म्हटले, "आई, पाणी तुमच्या हातून सांडलंच नव्हतं. मी उगीच तांब्या हलवला. चुकलंच माझं." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तांब्या राहू दे तिथेच स्टुलावर, ते बरंय. पण माझी पोथी लावून दे."

मी अक्षर मोठे केले आणि यंत्र त्यांच्या हातात दिले.