लाल मातीचा ट्रक मागवण्याआधी

पुणे-नाशिक भागातल्या नव्या रो-हाउसच्या मागे जी मोकळी पट्टी उरते, तिला जमीन म्हणायचं ते केवळ उपचार म्हणून. पाया खणताना निघालेला मुरूम, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा, आणि हे सगळं जेसीबीच्या चाकांखाली दडपलेलं. इथे भाजी लावायची ठरली की पहिला सल्ला ठरलेला असतो: लाल मातीचा एक ट्रक टाकून घ्या. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, असं माझं मत आहे. नवख्याने पैसे आणि पहिला पावसाळा आहे त्याच मातीत सेंद्रिय पदार्थ वाढवण्यावर घालवावा.

मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला बेसाल्ट. विदर्भ-मराठवाड्याची कसदार काळी माती याच खडकाची, त्यामुळे मुरमाला खनिजांच्या बाबतीत अगदीच दरिद्री म्हणता येत नाही. त्याच्यात नसतो तो सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणात 0.5 टक्क्याच्या खालचा कर्ब कमी धरतात, 0.75च्या वरचा चांगला. कर्ब नसला की कण एकमेकांना धरत नाहीत, ओल टिकत नाही आणि जिवाणूंना खायला काही उरत नाही. ट्रकमधल्या मातीतही हीच उणीव असू शकते, कारण ती अनेकदा डोंगर पोखरून काढलेली खालच्या थरातली असते. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, सुपीकतेचा नव्हे. शिवाय दडपलेल्या मुरमावर अर्धा फूट माती पसरली, तर जुलैत पाणी नेमकं दोन थरांच्या सांध्यावर तुंबतं आणि वांग्याची मुळं कुजतात. म्हणून आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरावा, ते जिरलं की पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच दिसलं, तर खताआधी पहार हातात घ्यायला हवी.

प्लास्टर आणि सिमेंटचे तुकडे मात्र हाताने वेचून काढावेतच. त्यांच्या चुन्याने माती विम्ल होते, लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून कोवळं पान पिवळं पडतं. शेतकरी याला ‘केवडा पडला’ म्हणतात. मग जूनच्या पावसावर ताग किंवा धैंचा दाट पेरावा आणि दीड महिन्याने, फुलोरा दिसताच, कापून मातीत गाडावा. उशीर केला तर दांडा चिवट होतो आणि लवकर कुजत नाही. दोर वळतात तोच हा ताग. सप्टेंबर संपेपर्यंत वाफे तयार होतात. वाळका पाला मात्र मातीत मिसळू नये, कारण तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि रोपं उपाशी राहतात. तोच पाला आच्छादन म्हणून वर पसरावा. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घ्यावं. कच्च्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात.

यावर पहिला आक्षेप उतावळेपणाचा, आणि तो मला मान्य आहे. तीन महिने नुसता ताग बघत बसायला कुणी बाग करत नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात विटांचा चार फुटी वाफा करावा, त्यात चाळलेला मुरूम आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं घालावं. मेथी महिनाभरात काढायला येते, आंबट चुका तिच्या पाठोपाठ. मुरमाचा निचरा इथे उपयोगीच पडतो. गवार, चवळी हलक्या जमिनीतही तग धरतात. टोमॅटो, फ्लॉवर ही खादाड मंडळी दुसऱ्या वर्षासाठी ठेवावीत. दुसरा आक्षेप असा, की युरियाने हेच काम आठवड्यात होतं. पाला हिरवा होतो हे खरं, पण कर्ब नसलेल्या मुरमातून नत्र एका मोठ्या पावसात खाली वाहून जातं. माझा विरोध रसायनाला नाही, ते धरून ठेवणारं काही नसताना त्यावर पैसे घालण्याला आहे. बाहेरची माती अपरिहार्यच असते, या समजालाही आपल्याकडे उत्तर मिळून गेलं आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी काडीकचऱ्यातून सुपीक माती घडवण्याचा आग्रह धरला. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाज्या पिकवल्या.

अर्ध्या फुटावर कातळच लागला किंवा जागेवर ऑइल, रंग सांडलेले असले, तर माती विकत घ्यावीच लागेल. तेव्हाही आधी नमुना मागावा. काचेच्या बाटलीत मूठभर माती पाण्यात घुसळून ठेवली की वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, चिकणमातीला दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी बाटलीत जवळजवळ सगळा चिकणमातीचाच थर दिसला, तर तो ट्रक परत पाठवावा.