चित्रकार, काळयान आणि प्रेक्षकांचे अश्रू

कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येते आणि एखादी करुण गोष्ट पाहतानाही येते. दोन्ही वेळचे पाणी त्याच अश्रुग्रंथीतून येते. पण ते आणणारी कारणे अगदी वेगळी आहेत. कांद्यातून निघणारा वायू डोळ्याला झोंबतो आणि तो धुऊन काढण्यासाठी अश्रू येतात. पण गोष्टीतले माणूस तर डोळ्याला स्पर्शही करीत नाही! मग तेथे पाणी का यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेची मदत घेऊ.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका ब्रिटनमध्ये २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक परग्रहावरून आलेला असून त्याला सगळे नुसते 'डॉक्टर' म्हणतात. त्याच्याजवळ एक काळयान आहे. बाहेरून ते जुन्या काळच्या ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखे दिसते. या मालिकेचा 'व्हिन्सेंट अँड द डॉक्टर' हा भाग ५ जून २०१० रोजी प्रसारित झाला. तो रिचर्ड कर्टिस यांनी लिहिला होता. ब्रिटनमध्ये साठ लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला.

गोष्ट थोडक्यात अशी. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात डॉक्टर आणि त्याची मैत्रीण एमी हे व्हिन्सेंट व्हॅन गॉगची चित्रे पाहत आहेत. एका चर्चच्या चित्रात, खिडकीमध्ये, डॉक्टरला एक विचित्र प्राणी दिसतो. दोघे तडक १८९० साली जातात आणि खुद्द चित्रकाराला भेटतात. गावकरी त्याची टिंगल करीत असतात, त्याची चित्रे कोणी घेत नाही. तो प्राणी अदृश्य आहे. तो फक्त व्हिन्सेंटला दिसतो. शेवटी ते संकट टळते. मग डॉक्टर व्हिन्सेंटला काळयानातून २०१० सालच्या त्याच संग्रहालयात आणतो. आपल्या चित्रांभोवती जमलेली गर्दी व्हिन्सेंट पाहतो. हा माणूस जगातील थोर चित्रकारांपैकी एक होता, असे संग्रहालयातील तज्ज्ञ सांगत असताना तो स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि त्याला रडू कोसळते. एमीला वाटते, आता हा खूप जगेल, शेकडो नवी चित्रे काढील. त्याला त्याच्या काळात पोहोचवून ती धावत संग्रहालयात परत येते. पण भिंतींवर एकही नवे चित्र नसते. वयाच्या ३७ व्या वर्षी व्हिन्सेंटने आपले आयुष्य संपवले, हा इतिहास तसाच राहिलेला असतो.

हा भाग पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया साधारणपणे तीन प्रकारच्या होत्या. काहींना रडू आवरेना. मोठमोठ्या माणसांनीही तसे कबूल केले. काहींना चुटपुट लागली, की एवढे सगळे करूनही तो वाचला का नाही? आणि काही चिकित्सक प्रेक्षकांनी इतिहासातल्या चुका शोधून काढल्या. या तिन्ही प्रतिक्रियांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम रडणाऱ्यांकडे वळू. आपल्या डोळ्यांत तीन कारणांनी अश्रू येतात. डोळा ओला ठेवण्यासाठी थोडे पाणी सतत पाझरत असते. धूर, धूळ किंवा कांदा यांच्या त्रासाने एकदम पाणी येते. आणि तिसरे म्हणजे भावनांचे अश्रू. भावना उचंबळून आल्या की मेंदूतून निघालेला संदेश चेतातंतूंमार्फत अश्रुग्रंथीपर्यंत जातो. हे काम करणारी चेतासंस्था स्वायत्त असते, म्हणजे ती आपल्या इच्छेवर चालत नाही. म्हणून 'रडायचे नाही' असे ठरवूनही पाणी येतेच. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत एक बारीक नळी असते. जास्तीचे अश्रू तिच्यातून नाकात उतरतात. रडताना नाक का वाहते, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

पण समोर तर नट आहे, खरा व्हिन्सेंट नव्हे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तरीही मेंदू दुसऱ्याचे दुःख आपलेसे करतो. माणूस हा समूहाने राहणारा प्राणी आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून त्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी आहे. तिला सहसंवेदना म्हणतात. ही शक्ती खऱ्या माणसासाठी एक आणि गोष्टीतल्या माणसासाठी दुसरी, अशी वेगळी नसते.

या गोष्टीत आणखी एक खुबी आहे. व्हिन्सेंटला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असते. गावकरी हसतात तेव्हा प्रेक्षकाला वाटते, अरे, कोणीतरी त्याला सांगा हो! हा ताण चाळीस मिनिटे वाढत जातो. संग्रहालयात ते अखेर सांगितले जाते आणि ताण एकदम सुटतो. परीक्षेचा निकाल चांगला लागल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी येते, त्यातलाच हा प्रकार.

आता दुसरी प्रतिक्रिया. इतके कौतुक ऐकूनही व्हिन्सेंट का वाचला नाही? लेखकाने उगाच दुःखी शेवट केला, असे तुम्हालाही वाटेल. पण गंमत पाहा, कथेतल्या या काल्पनिक घटनेशी जुळणारी एक खरी घटना इतिहासात घडली आहे. जानेवारी १८९० मध्ये अल्बेर ओरिये या तरुण फ्रेंच समीक्षकाने व्हिन्सेंटच्या चित्रांची मनापासून स्तुती करणारा लेख छापला. त्याच सुमारास ब्रसेल्सच्या प्रदर्शनात त्याचे 'तांबडा द्राक्षमळा' हे चित्र ४०० फ्रँकना विकले गेले. म्हणजे कौतुक त्याच्या हयातीतच येऊ लागले होते. पण फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला आजाराचा मोठा झटका आला आणि तो एप्रिलपर्यंत टिकला. २९ जुलै १८९० रोजी त्याचा मृत्यू झाला.

यावरून काय दिसते? मनाचा आजार म्हणजे नुसते दुःख नव्हे. समजा, एखाद्या मधुमेही गृहस्थांचा आपण सत्कार केला, हार घातले, भाषणे केली. त्यांना आनंद होईल. पण त्यांच्या रक्तातील साखर उतरेल का? नाही. त्यासाठी औषध आणि पथ्य हवे. मनाच्या आजाराचेही तसेच आहे. व्हिन्सेंटला नेमका कोणता आजार होता, यावर आजही एकमत नाही. आर्ल गावी त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर फेलिक्स रे यांना तो अपस्माराचा प्रकार वाटला. नंतरच्या तज्ज्ञांनी इतरही अनेक आजारांची नावे सुचवली. १८८९ च्या मे महिन्यात तो स्वतःहून सेंट-रेमीच्या रुग्णालयात दाखल झाला. तेथला मुख्य उपचार म्हणजे आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास पाण्याच्या टबात बसणे! त्या काळी याहून फारसे काही उपलब्ध नव्हते. मनाच्या तीव्र चढउतारांवर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवले. नैराश्यावरील पहिली औषधे १९५० नंतरच्या दशकात आली. बोलण्यातून उपचार करण्याच्या पद्धतीही पुढे विकसित झाल्या. आज योग्य उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण सुधारतात.

मग प्रेमाचा आणि कौतुकाचा काहीच उपयोग नाही का? तसे मुळीच नाही. व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ त्याला नियमाने पैसे आणि रंग पाठवीत असे. व्हिन्सेंटने त्याला लिहिलेली सहाशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. या आधारामुळेच १८८० ते १८९० या दहा वर्षांत त्याच्या हातून आठशेहून अधिक रंगचित्रे झाली. आजारी माणसाला औषधही हवे आणि माणसांचा आधारही हवा. पहिल्याने दुसऱ्याची किंवा दुसऱ्याने पहिल्याची जागा भरून निघत नाही.

आता तिसरे, चुका काढणारे प्रेक्षक. यांच्यावर रागावू नका. विज्ञानाला अशीच माणसे हवी असतात! कथेत ते चर्च फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतात दाखवले आहे. खरे चर्च पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, ओव्हेर-सूर-वाझ या गावात आहे. कथेत एमी त्याला सूर्यफुले काढायला सुचवते. पण ती प्रसिद्ध सूर्यफुले त्याने दोन वर्षे आधीच, ऑगस्ट १८८८ मध्ये, आर्ल येथे रंगवली होती.

या चुकांपेक्षा एक गैरसमज मात्र अधिक महत्त्वाचा आहे. इतरांना न दिसणारा प्राणी फक्त व्हिन्सेंटला दिसतो, हे पाहून कोणाला वाटेल की आजारामुळेच त्याला दिव्य दृष्टी आली होती. वस्तुस्थिती उलट आहे. झटका आला की त्याचे काम आठवडेच्या आठवडे बंद पडे. तो रंगवी ते मधल्या बऱ्या दिवसांत. 'तारांकित रात्र' हे त्याचे जून १८८९ मधील चित्र घ्या. पहाटे खिडकीतून फार मोठी चांदणी दिसली, असे त्याने थिओला लिहिले होते. त्या दिवसांत पहाटे पूर्वेला शुक्र खरोखरच तेजस्वी दिसत होता, हे खगोलशास्त्रज्ञांनी गणित करून दाखवले आहे. खिडकीतून न दिसणारे गाव मात्र त्याने विचारपूर्वक चित्रात घातले. ही भ्रमिष्टाची नव्हे, निरीक्षकाची आणि कारागिराची रीत झाली. चित्रे आजाराने काढली नाहीत. आजारी असूनही माणसाने काढली.

तो भाग संपताच बीबीसीने एक दूरध्वनी क्रमांक कळवला. गोष्ट पाहून ज्यांना आपले स्वतःचे दुःख आठवले असेल त्यांनी तेथे बोलावे, अशी ती सोय होती. हेही एक प्रकारे प्रेक्षकांच्या अश्रूंना दिलेले उत्तरच होते.

आपल्यालाही हे उपयोगी आहे. एखादा मित्र किंवा मैत्रीण दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास दिसते, खेळात मन लागत नाही, झोप आणि भूक बदलते, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलणे येते. अशा वेळी 'एवढे काय त्यात!' असे म्हणू नका. शेजारी बसा, ऐकून घ्या. जगावेसे वाटत नाही का, असे सरळ विचारायलाही भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'होय' असे आले, तर ते गुपित ठेवू नका. त्याला एकटे न सोडता आईवडील, शिक्षक किंवा विश्वासाच्या मोठ्या माणसाला ताबडतोब सांगा. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. आणि हे सारे स्वतः तुम्हाला होत असेल, तर तुमच्यासाठीही हाच मार्ग आहे.

डॉक्टरला व्हिन्सेंटचा शेवट बदलता आला नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो होऊन गेलेला इतिहास होता. तुमच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याचा दिवस अजून उजाडायचा आहे. त्याच्यापर्यंत पोहोचायला काळयान लागत नाही.