सातपुडा निळा, हे अँटवर्पलाही ठाऊक!

शिरपूरच्या शिवारातून उत्तरेला पाहा. पायाशी तपकिरी ढेकळं, मध्ये हिरवी केळी, मागे निळा सातपुडा. १६व्या शतकातल्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, अँटवर्पसारख्या शहरांतल्या चित्रकारांचा निसर्ग रंगवायचा क्रम हाच: तपकिरी, हिरवा, निळा.

पण सपाट फ्लँडर्समध्ये डोंगर आले कुठून? त्यांच्यातलाच पीटर ब्रॉयगेल आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता. त्यावर चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल व्हान मान्डरने १६०४ साली लिहून ठेवलं, की हा गडी तिकडचे डोंगर गिळून आला आणि घरी येऊन चित्रांत ओकला!

ब्रॉयगेलचं १५६५चं गव्हाच्या कापणीचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मागे कापणी जोरात, आणि सगळ्यांत पुढे नासपतीच्या झाडाखाली पाय फाकवून ताणून दिलेला एक गडी. बाजूला बाकीच्यांचं जेवण चाललंय. बांधावरच्या लिंबाखाली हे दृश्य आपण कितीदा पाहतो, पण ते रंगवावं असं कुणाला वाटलं? अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक या व्यापाऱ्याने वर्षभराच्या ऋतूंची अशी चित्रं घरात लावायला करून घेतली. व्यापाऱ्याच्या भिंतीवर मजुराची झोप!

थोरामोठ्यांची मात्र पंचाईत. ब्रॉयगेलच्या १५६६च्या ‘बेथलेहेमची शिरगणती’ या चित्रात गाढवावरची येशूची आई मेरी बर्फातल्या गर्दीत शोधावी लागते. ब्रॉयगेलच्याच नावावर असलेल्या दुसऱ्या चित्रात आकाशातून पडलेल्या, ग्रीक पुराणकथेतल्या इकॅरसचे नुसते पाय पाण्याबाहेर दिसतात. नांगरणारा शेतकरी ढुंकूनही बघत नाही. बरोबरच आहे, औत सोडून कोण बघणार?

या चित्रकारांत कामाची वाटणीही झकास. योआखिम पाटिनिरच्या निसर्गात क्वेंटिन मात्सिसने माणसं रंगवली. १६१५च्या सुमाराच्या ईडन बागेच्या चित्रात अॅडम-ईव्ह रुबेन्सचे, तर बहुतेक प्राणी ब्रॉयगेलचा मुलगा यान याचे. घोडा आणि साप मात्र रुबेन्सने स्वतःकडे ठेवले. सह्या दोघांच्या.

देखाव्यांचा असा नाद आपल्याकडेही होता: चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस टेबलावरच छोटे देखावे मांडून त्यांचे फोटो काढत. घराला त्यांनी नाव दिलं ‘रेम्ब्रां रिट्रीट’. रेम्ब्रां हा चित्रकार फ्लेमिश नव्हे, शेजारच्या हॉलंडचा. पण एवढं चालायचंच. घर चाळीसगाव स्टेशनजवळ आहे. धुळ्याहून थेट गाडी जाते, एकदा बघून या.