जुन्या कॉम्प्युटरात अडकलेली मराठी

आमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकाची अक्षरजुळणी गेली बावीस वर्षं एकाच ताईंकडे आहे. बाजारपेठेतलं त्यांचं दुकान दहा बाय दहाचं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, एखाद्या निवृत्त शिक्षकाचं आत्मचरित्र, सगळं तिथेच सेट होतं. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना नवा कॉम्प्युटर घ्यावा लागला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसेना. त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या मशीनमध्ये नव्हती. हार्डवेअरवाल्यानं सांगून टाकलं, ''ताई, आता यावर खर्च करू नका.''

नवं मशीन आलं. ताईंनी ड्रॉवरमधून मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची जपून ठेवलेली सीडी काढली, शेजारच्या स्टुडिओतून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणला आणि सेटअपवर डबल क्लिक केलं. पडद्यावर चौकट उमटली : हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. ''सीडी खराब झाली का हो, सर?'' त्यांनी मला विचारलं. सीडीला काहीच झालं नव्हतं. मग पेनड्राइव्हवरची एका जुन्या अंकाची फाईल उघडली. संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांचा चिवडा दिसत होता. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''माझं बावीस वर्षांचं काम आहे यात.''

असा प्रसंग आज गावोगावी, अनेक छापखान्यांत आणि कचेऱ्यांत येतो आहे. म्हणून यात नेमकं काय घडतं आणि काय करता येतं, ते नीट समजून घ्यायला हवं.

दारातच अडतं ते

डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातले प्रोग्राम १६ बिटांचे असत. विंडोज ९५ पासून ३२ बिटांचे प्रोग्राम रुळले आणि आजची मशीन ६४ बिटांची आहेत. हे आकडे म्हणजे प्रोसेसर एका घासाला किती माहिती घेतो, त्याचं माप. ६४ बिटांची विंडोज ३२ बिटांचे प्रोग्राम सांभाळून घेते. आपल्या सी ड्राइव्हमध्ये 'प्रोग्राम फाईल्स' नावाची दोन फोल्डरं दिसतात ती त्यामुळेच, एक नव्यांचं आणि एक जुन्यांचं. १६ बिटांचे प्रोग्राम चालवण्याची सोय मात्र ३२ बिटांच्या विंडोजमध्येच होती, ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ती ठेवलेली नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच मिळते.

यात एक खोच आहे. नव्वदच्या दशकातली कित्येक सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटांची होती, पण त्यांचा सेटअप १६ बिटांचा होता. म्हणजे घरात राहायला पाहुण्याला काहीच अडचण नाही, फक्त दारातून आत येता येत नाही. ताईंच्या सीडीचं हेच झालं होतं.

दुसरी अडचण लॉकची. त्या काळी महागड्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल येई. प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टमध्ये तो खोचला तरच प्रोग्राम सुरू होई. आजच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. यूएसबीवाला डोंगल असला तरी त्याचा ड्रायव्हर लागतो, आणि ६४ बिटांच्या विंडोजला ६४ बिटांचाच ड्रायव्हर चालतो. चांगले धडधाकट प्रिंटर आणि स्कॅनर भंगारात जातात, तेही बहुधा याच कारणानं.

जुनं चालू ठेवायचं की नाही, हा शेवटी बनवणाऱ्यांचा निर्णय असतो. विंडोज ९५ तयार होताना सिमसिटी हा लोकप्रिय खेळ तिच्यावर कोसळत होता. चूक खेळाची होती, सोडून दिलेली मेमरी तो पुन्हा वाचत होता. तरीही लोकांचा खेळ बंद पडू नये म्हणून विंडोजमध्ये त्या एका खेळापुरती वेगळी तजवीज केली गेली. अ‍ॅपलची वाट वेगळी. प्रोसेसर बदलताना त्यांनी २००६ मध्ये रोझेटा आणि २०२० मध्ये रोझेटा २ असा दुभाषी दिला, पण २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनात ३२ बिटांची सगळी अ‍ॅप एका फटक्यात बंद केली. वापरणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. त्याच्या हातात असतो तो त्याचा मजकूर, आणि मराठीचं खरं दुखणं तिथेच आहे.

खिळे आणि अक्षरं

१९९० साली टाइप केलेलं साधं इंग्रजी पत्र आज कुठल्याही कॉम्प्युटरवर, अगदी मोबाइलवरही वाचता येतं. 'ए'ला कोणता क्रमांक द्यायचा हे आस्की या प्रमाणानं १९६३ पासून ठरवून टाकलं आहे. मराठीत २००५ साली टाइप केलेलं पत्र मात्र आज उघडेलच याची खात्री नाही.

जुन्या छापखान्यात जुळारी केसमधून खिळे उचलत असे. खिळा म्हणजे आकार. अर्धा स, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाचा खण वेगळा. कॉम्प्युटर आले तेव्हा फॉन्टात २५६ खणांची केस होती आणि ती इंग्रजीसाठी मांडलेली होती. आपल्या लोकांनी मोठ्या कौशल्यानं त्याच खणांत देवनागरीचे आकार बसवले. त्यातून सुंदर वळणाचे फॉन्ट निघाले आणि वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं त्यांवर उभी राहिली. पण प्रत्येकानं खण आपापल्या सोयीनं लावले. कृतीदेव या फॉन्टात 'मराठी' हा शब्द पडद्यावर मराठीच दिसतो, फाईलमध्ये मात्र ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की तीच उघडी पडतात. ताईंच्या पडद्यावर दिसलेला चिवडा तो हाच.

युनिकोड या प्रमाणानं हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला तिथे १२८ जागांचा स्वतःचा विभाग आहे. इथे साठवलं जातं ते अक्षर, आकार नव्हे. जोडाक्षर कसं दिसावं, रफार कुठे बसावा, हे दाखवायच्या वेळी फॉन्ट ठरवतो. म्हणून युनिकोडातला मजकूर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतो. विंडोज २००० मध्ये ही सोय मंगल फॉन्टासह आली.

मग छापखाने तेव्हाच इकडे का वळले नाहीत? ज्यावर सगळा धंदा चालत होता त्या पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नव्हता. २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती. त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांची जुळणी नीट होऊ लागली ती २०१२ च्या सीएस६ पासून. तोवर हात बसले होते, फॉन्ट विकत घेतलेले होते आणि गिऱ्हाइकाला छापील कागदाशी मतलब होता. फाईल वीस वर्षांनी कोणी उघडेल, असा विचार करायला सवड कुणाला होती?

आधी जुनं जिवंत ठेवा

माझं सांगणं एवढंच आहे : जुनं सॉफ्टवेअर चालतं ठेवायचं ते त्यातला मजकूर सोडवून आणण्यासाठी. तो बाहेर येईपर्यंत जुनं मशीन भंगारात देऊ नका, फॉर्मॅट तर मुळीच मारू नका. सर्वांत आधी सगळ्या फाईली, फॉन्टांचं फोल्डर, सीडी आणि सीरियल नंबर यांची दोन ठिकाणी नक्कल करून ठेवा. फॉन्ट हरवला तर चिवडा वाचायची किल्लीच हरवते.

त्यानंतर सोपे उपाय करून पाहा. प्रोग्रामवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी या भागात जुन्या विंडोजचं नाव निवडता येतं. ३२ बिटांचे बरेच प्रोग्राम एवढ्यानं चालू लागतात. डॉसमधल्या कामांसाठी डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या टर्बो सी++ ची निळी खिडकी आपल्याकडच्या कॉलेजांत विद्यार्थी आजही उघडतात, ती याच्याच आधारानं.

एवढ्यानं भागलं नाही, तर आभासी मशीन. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा, कल्पनेतला कॉम्प्युटर उभा करतो. त्याला मेमरीचा आणि डिस्कचा एक वाटा द्यायचा आणि त्यावर आपल्याकडच्या मूळ सीडीवरून विंडोज एक्सपी टाकायची. एक्सपीला एक जीबी मेमरी पुरून उरते. मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का, ते बघा. यूएसबीचा डोंगल आतल्या मशीनकडे वळवता येतो. प्रिंटर पोर्टचा डोंगल मात्र सहसा जमत नाही, तिथे जुनी कॅबिनेटच राखून ठेवावी लागते.

एक पथ्य कसोशीनं पाळा. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्ये बंद झाले. म्हणून त्या आतल्या मशीनचं इंटरनेट कायम बंद ठेवा आणि फाईलींची ने-आण सामायिक फोल्डरातूनच करा.

ताईंच्या नव्या मशीनवर एका रविवारी आम्ही हे सगळं बसवलं. विंडोज ११ च्या गुळगुळीत पडद्यावर एक चौकट उघडली आणि तीत एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश आलं. १६ बिटांचा सेटअप तिथे मुकाट्यानं चालला. संपादकीय पुन्हा मराठीत दिसलं.

सोडवणूक

इथवर येऊन पुष्कळ जण थांबतात, किंवा सगळ्या फाईलींची पीडीएफ करून निश्चिंत होतात. पीडीएफ जरूर करावी, पानाचं रूप तीत टिकतं. पण जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाहा, बहुधा चिवडाच हाती येतो. पान वाचलं, मजकूर अडकलेलाच राहिला. म्हणून प्रत्येक अंकाच्या तीन गोष्टी हव्यात : मूळ फाईल, पीडीएफ आणि युनिकोडातला मजकूर. पेजमेकरच्या फाईली थेट उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे तेच सीएस६. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांनी ते जपून ठेवावं.

जुन्या फॉन्टातून युनिकोडात नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्या हाती सगळं सोपवून चालत नाही. खिळे दिसण्याच्या क्रमानं लागतात, अक्षरं उच्चाराच्या क्रमानं. 'धर्म' जुन्या फॉन्टात ध, म आणि मग रफार असा असतो. युनिकोडात तो ध, र, हलन्त, म असा साठवतात. कन्व्हर्टर चुकला की 'धर्म'चा 'धमर्' होतो आणि 'कार्य'चं 'कायर्'. हे डोळ्यांना लगेच खुपतं. खरा धोका मराठीच्या खास ऱ्याचा. आमच्या एका अंकात 'आचार्यांच्या आठवणी' असा लेख होता. रूपांतरात तो 'आचाऱ्यांच्या आठवणी' झाला, विद्वानाचा स्वयंपाकी झाला. शब्द शुद्ध आहे, त्यामुळे कुठलाही शुद्धलेखन-तपासनीस त्याला हटकणार नाही. तिथे मराठी वाचणारा माणूसच हवा. आम्ही प्रत्येक अंकाचं प्रूफ छापील प्रतीशी ताडून वाचलं. वाचनालयातले दोन निवृत्त मास्तर आणि एक कॉलेजकन्यका रोज संध्याकाळी तासभर बसत.

बोटांची सवय

उरला प्रश्न ताईंच्या बोटांचा. त्यांचे हात टाइपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेले. युनिकोडाबरोबर येणारी सरकारमान्य मांडणी इन्स्क्रिप्टची, डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. गंमत अशी की पहिली वेलांटी दोन्हीकडे एफच्याच कळीवर आहे. फरक क्रमाचा. जुन्या पद्धतीत 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, इन्स्क्रिप्टमध्ये आधी क आणि मग वेलांटी. ''कळ तीच, पण माझं बोट आधीच तिच्यावर जाऊन बसतं,'' ताई सांगायच्या. रेमिंग्टनची मांडणी तशीच ठेवून युनिकोड देणारी साधनंही मिळतात, आणि पन्नाशीच्या माणसानं ती वापरली तर त्यात कमीपणा काहीच नाही. ताईंनी पहिला महिना त्यावरच काढला. मग रोज शेवटचा अर्धा तास इन्स्क्रिप्टला दिला. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, हे कळलं त्या दिवशी त्या खूश होत्या. जुन्या फॉन्टात हा आकार शोधायला त्यांना वेगळा तक्ता लागायचा.

चार महिन्यांत सगळे अंक पार पडले. गेल्या आठवड्यात परगावचे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांच्या आजोबांनी पूर्वी आमच्या अंकात शाळेबद्दल काहीतरी लिहिलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. वर्ष माहीत नाही, शीर्षक माहीत नाही. पूर्वी असं कोणी आलं की आम्ही बांधीव खंड काढून पानं चाळत बसायचो आणि निम्म्या वेळा हात हलवत परत पाठवायचो. ताईंनी शोधाच्या चौकटीत त्यांचं आडनाव टाइप केलं. तीन अंक समोर आले. दुसऱ्यात आजोबा होते, पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गाबद्दल लिहिलेली दोन पानं. ताईंनी ती छापून हातात दिली. त्या गृहस्थांनी उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली, आणि आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.